बाळागोळी ते मेलाटोनिन : न झोपणाऱ्या मुलांची शंभर वर्षं



ऑटिस्टिक मुलांच्या आया आमच्याशी बोलतात तेव्हा आधी शाळेचा विषय निघतो, मग बोलण्याचा, मग खाण्याचा. आणि उठता उठता एक वाक्य येतं, ‘रात्री दोन-तीनपर्यंत झोपत नाही हो, पण त्याचं काय, आता सवय झालीय.’ आज आपण या वाक्याबद्दल बोलणार आहोत. कारण ज्या घरात मूल तीनपर्यंत जागं असतं त्या घरात आईही जागीच असते. वडिलांना सकाळची लोकल पकडायची असते, खालच्या मजल्यावरचे धावण्याच्या आवाजाची तक्रार घेऊन येतात, आणि दुसऱ्या दिवशी थेरपीला नेलेलं मूल तिथे पेंगत बसतं. तरीही ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची असते असं आपल्याला वाटत नाही. हे न वाटणं कुठून आलं, ते बघायला शंभर वर्षं मागे आणि थोडं दक्षिणेला, गिरणगावात जावं लागतं.

लालबाग-परळच्या चाळींत तेव्हा एकेका खोलीत आठ-दहा माणसं राहत. बाई गिरणीत कामाला, तान्हं मूल घरी म्हातारीपाशी नाहीतर शेजारणीपाशी. ते रडू नये, झोपून राहावं म्हणून त्याला बाळागोळी देत. या गोळीत अफू असे. १९२२ साली मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करायला डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरांना नेमलं. त्यांना दिसलं ते असं, की गिरणीकामगार बायकांच्या शंभर मुलांतली ९८ मुलं अफूवर झोपत होती. थोडक्यात, सगळीच. अफू चोरून आणावी लागत नव्हती, सरकारी परवान्याच्या दुकानात ती उघड मिळे.

हे ऐकून त्या आयांना नावं ठेवायची घाई करू नका. इंग्लंडच्या गिरणीगावांत ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ नावाचं अफूचं औषध याच कामासाठी खपत होतं. अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’च्या बाटलीत मॉर्फिन होतं, आणि बाटलीवर तसं लिहिण्याची सक्ती व्हायला १९०६ चा कायदा यावा लागला. जिथे आईला बारा तास यंत्रासमोर उभं राहावं लागलं, तिथे मुलाला गुंगी देण्याची सोय आपोआप झाली. मुंबईत १९२९ साली प्रसूती लाभ कायदा झाला आणि गिरण्यांत हळूहळू पाळणाघरं आली, तेव्हा कुठे बाईला दुसरा मार्ग दिसू लागला.

पण त्या काळाची एक खूण मागे राहिली. मुलाची झोप म्हणजे घराला शांतता मिळण्याचा प्रश्न, तो घरातच मिटवायचा, हा समज राहिला. मूल का झोपत नाही हे कुणी विचारलंच नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडलं, माणसं मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीकडे आली, आणि हा समजही सामानाबरोबर आला. अफू गेली, तिच्या जागी झोप आणणारं सर्दीचं सिरप आलं. ‘प्रवासात देतो तेच, अर्धा चमचा,’ असं आजही सहज सांगितलं जातं. अशा सिरपांतल्या एका औषधावर, प्रोमेथाझिनवर, दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असा ठळक इशारा छापायला अमेरिकेच्या औषध खात्याने २००४ साली लावलं, कारण त्याने लहान मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाले होते.

आता ऑटिझमकडे येऊ. १९४३ साली बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन छापलं. आठ मुलगे, तीन मुली. आपल्यातच राहणारी, बदल न खपणारी ही मुलं पाहून त्यांनी ‘ऑटिझम’ हे नाव रूढ केलं, पण त्यांच्या आईवडिलांत मायेचा ओलावा कमी दिसतो असंही लिहून ठेवलं. पुढे ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून तोच सूर मोठा केला. आई थंड, म्हणून मूल असं! याला पहिला सणसणीत जवाब दिला तो बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, १९६४ साली. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, आणि हा दोष मायेचा नाही, मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे असं त्यांनी पुस्तक लिहून मांडलं. १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत आईवडिलांना दोषमुक्त केलं. आपल्याकडे ही बातमी अजून सगळ्या घरांत पोचलेली नाही. ‘लाडावून ठेवलंय,’ ‘मोबाइल दिला म्हणून जागतं,’ हे कुणाला ऐकावं लागतं ते तुम्हाला माहीतच आहे.

मुंबईत मुलांच्या मनाचा विचार तसा लवकर सुरू झाला. परळचं वाडिया बालरुग्णालय १९२९ चं. नागपाड्याला १९३६ साली सुरू झालेल्या टाटांच्या समाजकार्य शाळेने पुढच्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. मात्र ऑटिझमला सरकारदरबारी नाव मिळायला फार वेळ गेला. १९९५ च्या अपंग कायद्यात सात अपंगत्वं होती, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या कायद्याने २१ अपंगत्वांच्या यादीत त्याला जागा दिली. ज्या मुलाच्या अवस्थेलाच नाव नव्हतं, त्याच्या झोपेची नोंद केसपेपरवर कोण करणार होतं?

आज मात्र डॉक्टरांना हे ठाऊक आहे की निम्म्याहून जास्त ऑटिस्टिक मुलांना झोपेचा त्रास असतो. काही अभ्यासांत हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत जातो.

मेलाटोनिनचं नाव आता व्हॉट्सॲपवरही फिरतं, त्याची गोष्ट ऐका. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर कोडासारख्या आजारांवर उपाय शोधत होते. गाईगुरांच्या मेंदूतल्या एका छोट्या ग्रंथीतून १९५८ साली त्यांनी एक द्रव्य वेगळं काढलं. त्याने बेडकाची कातडी उजळ होत होती, म्हणून त्याला असं नाव पडलं. झोपेशी त्याचं नातं नंतर उलगडलं. अंधार पडला की ते शरीरात वाढतं आणि रात्र झाल्याचा निरोप देतं. काही ऑटिस्टिक मुलांत ते कमी आढळतं.

२०१२ साली ब्रिटनमध्ये वाढीच्या अडचणी असलेल्या १४६ मुलांवर याची नीट चाचणी झाली. आम्हाला ही चाचणी आवडते ती तिच्या खरेपणासाठी. मेलाटोनिन घेतलेली मुलं सरासरी पाऊण तास लवकर झोपली, पण सकाळी उठलीही लवकर. रात्रीच्या एकूण झोपेत भर पडली ती साधारण २२ मिनिटांची. कुणी म्हणेल, एवढंच? तीनपर्यंत जागणाऱ्या आईला विचारा, पाऊण तास म्हणजे काय. पण ही जादूची गोळी नाही, हेही त्यातून कळतं.

दुसरी गोष्ट बाटलीतल्या मालाची. कॅनडात २०१७ साली दुकानातली ३१ मेलाटोनिन उत्पादनं तपासली. बहुतेकांत लेबलवर लिहिलेलं प्रमाण नव्हतंच. कुठे लिहिल्याच्या पाचव्या भागाहून कमी, तर कुठे पाचपटीहून जास्त. म्हणून शेजारणीने सांगितलं आणि मेडिकलमधून चॉकलेटसारख्या गोळ्या आणल्या, असं करू नका. कोणती, किती आणि किती वाजता, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली ऑटिस्टिक मुलांच्या झोपेसाठी क्रम घालून दिला. आधी शरीरात दुसरं काही दुखणं आहे का ते पाहा, मग झोपेच्या सवयी बसवा, आणि त्याने भागलं नाही तर मेलाटोनिन. जाहिरातीतल्या वजनदार गोधड्यांनी झोप सुधारते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. चार-पाच हजार वाचले म्हणायचे.

यातली पहिली पायरी आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. जे मूल बोलत नाही ते ‘पोटात दुखतंय’ असं सांगणार कसं? बद्धकोष्ठता, छातीत जळजळ, किडलेली दाढ, वाढलेले ॲडेनॉइड आणि घोरणं, रात्रीच्या फिट्स, या सगळ्यांनी झोप मोडते. आणि लोह. टोरांटोत २००७ साली छापलेल्या एका छोट्या अभ्यासात ३३ ऑटिस्टिक मुलांना लोह दिलं. त्यांतल्या बऱ्याच मुलांची रात्रभरची तळमळ कमी झाली. आपल्या देशात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ६७.१ टक्के मुलं रक्ताने कमी निघाली. त्यात आपली मुलं मोजक्याच चवींचं खाणारी, पांढरा भात आणि बिस्किटं. तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनचीही तपासणी हवी का, हे जरूर विचारा. लोहाचं औषध मात्र मनाने सुरू करायचं नाही, जास्त झालं तर ते विषारी ठरतं.

सवयी बसवा असं पुस्तक सांगतं, पण ते पुस्तक वेगळ्या खोलीत झोपणाऱ्या मुलाचं असतं. आपल्याकडे एकच खोली, टीव्ही तिथेच, आजोबांच्या बातम्या तिथेच. स्टेशनजवळ घर असेल तर शेवटची लोकल गेल्यावर जेमतेम काही तास शांतता. डॉक्टरांना घर आहे तसं सांगा, म्हणजे उपायही त्या घरात बसणारा निघेल. दिवा लवकर मंद करणं, रोज त्याच क्रमाने आंघोळ-जेवण-अंथरूण, उठण्याची वेळ रविवारीही तीच, एवढं एका खोलीतही जमतं. बाहेरच्या आवाजासाठी कायदा आहे. २००० च्या नियमांनुसार वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे पक्कं केलं. सणासुदीच्या काही दिवसांना १२ पर्यंत सूट मिळते, तेवढे दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची. घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अगरवाल, बोरिवलीला भगवती, अंधेरीकरांना कूपर, ही पालिकेची रुग्णालयं आपल्याच बाजूला आहेत. तिथून गरजेप्रमाणे पुढे पाठवतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत ऑटिस्टिक व्यक्तीला वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, आणि त्यात ओपीडीचा खर्चही धरलेला आहे.

ओपीडीत बोलायला वेळ थोडा मिळतो, म्हणून जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. अंथरुणावर किती वाजता, झोप कधी लागली, किती वेळा उठलं, सकाळी कधी जागं झालं, दुपारी झोपलं का, शौचाला झालं का, कोणतं औषध दिलं. सर्दीचं सिरप दिलं असेल तर तेही लिहा, लपवू नका. मूल घोरत असेल, श्वास अडकत असेल, झोपेत अंग ताठ होत असेल किंवा हातपाय झटकत असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. आणि आत गेल्यावर शाळेच्या आणि बोलण्याच्या आधी हीच वही पुढे करा.