ट्रिगर फिंगर शस्त्रक्रिया

ट्रिगर फिंगर शस्त्रक्रिया ही हाताचे बोट वाकवताना किंवा सरळ करताना अडकण्याच्या विकारावर केली जाणारी एक लहान शस्त्रक्रिया आहे. बोट वाकवणाऱ्या कंडरेला हाडाशी धरून ठेवणारी, तळहातात बोटाच्या मुळाशी असलेली तंतुमय कडी या शस्त्रक्रियेत छेदली जाते व कंडरेचा मार्ग मोकळा केला जातो. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेस बहुधा १० ते २० मिनिटे लागतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. हाताची ताकद व लवचिकता पूर्ववत होण्यास मात्र काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. या काळात बोट किती व कसे हलवले जाते, यावर अंतिम परिणाम पुष्कळसा अवलंबून असतो.

नाव

'ट्रिगर' म्हणजे बंदुकीचा चाप. अडकलेले बोट जोर लावल्यावर चाप सुटल्याप्रमाणे 'कट्' असा आवाज करून एकदम सरळ होते, त्यावरून हे नाव पडले. वैद्यकीय परिभाषेत या विकारास स्टेनोसिंग टेनोसायनोव्हायटिस म्हणतात. हे नाव काहीसे फसवे आहे. त्यातील 'आयटिस' या प्रत्ययाने दाह सूचित होतो. परंतु काढलेल्या ऊतीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली असता दाहाच्या पेशींपेक्षा कास्थीसारखा बदलच अधिक आढळतो. मराठीत या विकारास सर्वत्र रूढ झालेली संज्ञा नाही. 'बोट अडकते', 'बोट आखडते' असेच रुग्ण सांगतात. फ्रेंच वैद्य आल्फोन्स नोटा यांनी १८५० साली या विकारातील कंडरेवरील गाठीचे वर्णन केले. ती गाठ आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

बोट का अडकते

बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. त्यांच्या दोरीसारख्या कंडरा मनगटातून व तळहातातून बोटांपर्यंत जातात. प्रत्येक बोटात अशा दोन कंडरा असतात, तर अंगठ्यात एकच. बोट वाकताना कंडरा हाडापासून दूर उचलली जाऊ नये म्हणून तिच्यावर ठिकठिकाणी तंतुमय कड्या असतात. विहिरीवरील रहाटाच्या कप्पीवरून दोर सरकावा तशी कंडरा त्यांच्यामधून सरकते, म्हणून या कड्यांना कप्प्या असेच म्हणतात. बोटात अशा पाच वर्तुळाकार कप्प्या असून त्यांना ए-१ ते ए-५ असे क्रमांक दिलेले आहेत. ए-१ ही तळहातावर बोटाच्या मुळाशी असते आणि बहुतेक वेळा तीच जाड होऊन अरुंद होते.

कप्पी अरुंद झाली की कंडरेवरही घर्षणाने फुगवटा येतो. बोटे मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बलवान असल्यामुळे मिटताना हा फुगवटा कप्पीतून ओढला जातो; उलट दिशेने परत येताना मात्र तो अडतो. म्हणून बोट वाकलेल्या स्थितीत राहते व दुसऱ्या हाताने सरळ करावे लागते. हा झटका बोटाच्या मधल्या सांध्यात जाणवतो आणि अनेक रुग्ण तोच सांधा चोळत, ओढत राहतात. दोष तेथे नसतो. तळहातावरील बोटाच्या मुळाशी दाबल्यास दुखरी, सरकणारी गाठ हाताला लागते. त्रास सकाळी उठल्यावर अधिक असतो.

अनामिका व अंगठा यांत हा विकार सर्वाधिक आढळतो. पन्नाशी-साठीतील स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असते. सर्वसाधारण लोकसंख्येत आयुष्यभरात सुमारे २ ते ३ टक्के लोकांना तो होतो, तर मधुमेहींमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास जाते. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी असल्याचा अंदाज दिला आहे. त्या मानाने हा विकार येथे क्षुल्लक म्हणता येत नाही. एकाहून अधिक बोटे अडकू लागल्यास रक्तातील साखर तपासणे इष्ट ठरते. थायरॉइडचे न्यून कार्य, संधिवात आणि मनगटातील चेता दबण्याचा विकार (कार्पल टनेल) यांच्याशीही त्याचा संबंध आहे.

शस्त्रक्रियेची वेळ

अडकणारे प्रत्येक बोट शस्त्रक्रियेस पात्र नसते. हाताला विश्रांती, रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी आणि कंडरेच्या आवरणात स्टेरॉइडचे इंजेक्शन हे उपाय आधी केले जातात. इंजेक्शनने निम्म्याहून अधिक रुग्णांना आराम पडतो. मधुमेहींमध्ये त्याचा गुण कमी येतो आणि नंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते. एक-दोन इंजेक्शनांनंतरही त्रास परतला, किंवा बोट दुसऱ्या हाताने सोडवणेही अवघड झाले, तर शस्त्रक्रिया सुचवली जाते. फार काळ वाकलेले राहिलेले बोट मधल्या सांध्यात कायमचे आखडू शकते. अशा वेळी कप्पी छेदूनही ते पूर्ण सरळ होत नाही, म्हणून विलंब नेहमीच निरुपद्रवी नसतो.

शस्त्रक्रियेपूर्वी अंगठी काढून ठेवावी लागते. सुजलेल्या बोटातून ती नंतर निघत नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. या लहान शस्त्रक्रियेसाठी ती बहुधा थांबवावी लागत नाहीत, व तो निर्णय वैद्यांचा असतो. नुकतेच स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, त्यामुळे अनेक शल्यचिकित्सक मध्ये काही आठवडे जाऊ देतात.

शस्त्रक्रिया

शस्त्रक्रिया बहुधा तेवढ्याच जागेला भूल देऊन होते. तळहातावरील रेषेत किंवा तिच्या जवळ एक ते दीड सेंटिमीटरचा छेद घेतात, दोन्ही बाजूंच्या चेता व रक्तवाहिन्या अलगद बाजूला करतात आणि ए-१ कप्पी लांबीने छेदतात. तिच्या पुढची ए-२ कप्पी मात्र जपावी लागते. ती तुटल्यास बोट मिटताना कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून वर उचलली जाते व पकड दुबळी होते. अंगठ्यात विशेष सावधगिरी लागते, कारण त्याच्या बाहेरच्या बाजूची चेता कप्पीवरूनच तिरकी जाते.

कप्पी सुटल्यावर शल्यचिकित्सक रुग्णालाच बोट मिटून उघडण्यास सांगतात. बोट न अडकता हलले की काम पुरे झाले, याची खात्री त्याच क्षणी होते. ही परीक्षा पूर्ण भुलेत शक्य नसते. दंडावर आवळपट्टी बांधून रक्तपुरवठा थांबवण्याची जुनी पद्धत रुग्णास फार वेळ सोसत नाही. तिच्याऐवजी लिग्नोकेनमध्ये ॲड्रेनलिन मिसळून रक्तस्राव रोखण्याची पद्धत कॅनडातील शल्यचिकित्सक डोनाल्ड लालोंड यांच्यामुळे जगभर पसरली. बोटात ॲड्रेनलिन दिल्यास बोट काळे पडते, असा समज वैद्यकशास्त्रात अनेक दशके पक्का होता. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ३,११० सलग रुग्णांच्या नोंदीत एकाही रुग्णाचे बोट त्यामुळे गमावले गेले नाही.

छेद न घेता सुईच्या टोकाने कप्पी कापण्याचीही पद्धत आहे. त्वचेतून कप्पी छेदण्याचे वर्णन प्रथम लोर्थ्वार यांनी १९५८ साली केले. तिच्यात टाके पडत नाहीत व हात लवकर वापरता येतो. पण चेता डोळ्यांना दिसत नसल्याने अंगठा व तर्जनी यांत ती अनेक जण टाळतात.

संधिवाताच्या रुग्णांत गणित वेगळे असते. त्यांच्यात कंडरेचे आवरणच सुजलेले असते आणि बोटे करंगळीच्या दिशेने कलण्याची प्रवृत्ती असते. ए-१ कप्पी छेदल्यास हा कल वाढू शकतो, म्हणून ती शक्यतो राखून सुजलेले आवरण काढले जाते.

शस्त्रक्रियेनंतर

बोटाचे अडकणे बहुतेकांचे तत्काळ थांबते. दुखणे व सूज मात्र लगेच जात नाहीत, आणि येथेच अनेकांचा अपेक्षाभंग होतो.

पहिले दोन-तीन दिवस हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावा लागतो. झोपताना उशीवर, बसल्यावर छातीशी. हात खाली लोंबता राहिला की सूज येते आणि सुजलेले बोट मिटत नाही. भुलेचा अंमल काही तासांनी उतरतो. तोवर बोट बधिर राहणे स्वाभाविक असते. दुखण्यासाठी साध्या वेदनाशामक गोळ्या बहुधा पुरतात.

टाके असलेला हात जपून, निश्चल ठेवावा, ही आपल्याकडील सर्वसाधारण धारणा. हाड मोडले असता ती योग्यच आहे, येथे मात्र ती अपायकारक ठरते. कप्पी छेदलेल्या जागी नवी तंतुमय ऊती तयार होत असताना कंडरा न हलल्यास ती आजूबाजूला चिकटते व बोट ताठ होते. म्हणून बोटे त्याच दिवसापासून, दिवसातून अनेकदा, हळूहळू पूर्ण मिटून पूर्ण उघडण्यास सांगितले जाते. मोठी जाड पट्टी त्यात अडथळा आणत असल्यास ती एक-दोन दिवसांत काढून लहान पट्टी लावतात. हालचाल करायची म्हणजे जोर लावायचा असे नव्हे. पहिल्याच आठवड्यात चेंडू दाबण्याचा व्यायाम करणे ही नेहमी दिसणारी अतिउत्साहाची तऱ्हा आहे. त्याने जखमेवर ताण येतो व सूज वाढते. प्रथम लवचिकता, नंतर ताकद, असा क्रम भौतिकोपचारतज्ज्ञ सांगतात.

टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी ठेवणे हे सांगायला सोपे, पण घरातील सर्व ओली कामे जिच्याकडे आहेत तिला पाळायला कठीण असते. भांडी घासणे, धुणे पिळणे, कणीक तिंबणे ही कामे दुसऱ्या कोणी करावी लागतात आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरवण्यापूर्वीच त्याची व्यवस्था लावणे शहाणपणाचे असते. जेवणे, कपडे घालणे, लिहिणे यांसारखी हलकी कामे बहुतेकांना काही दिवसांत जमतात. बैठ्या कामावर आठवडाभरात परतता येते. ज्यांच्या कामात अवजार घट्ट धरावे लागते किंवा ओझे उचलावे लागते, त्यांना तीन-चार आठवडे, कधी अधिक लागतात. डाव्या हाताची शस्त्रक्रिया झालेल्यास मोटारसायकलचा क्लच न दुखता पूर्ण दाबता येईपर्यंत वाहन चालवणे सुरक्षित नसते.

टाके निघून जखम पूर्ण भरल्यावर व्रणाला तेलाने किंवा मलमाने रोज हलका मर्दा करतात. व्रण काही आठवडे कठीण व दुखरा राहतो. दाराची मूठ, भाजीच्या पिशवीचा बंद किंवा बसमधील दांडा नेमका त्याच जागी टोचतो. हा हळवेपणा साधारण दोन-तीन महिन्यांत ओसरतो. बोटाची सूज व सकाळचा ताठरपणा मधुमेहींमध्ये त्याहून जास्त काळ रेंगाळू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी मधला सांधा आखडलेला असल्यास रात्रीची पट्टी व भौतिकोपचार दीर्घकाळ चालू ठेवावे लागतात.

गुंतागुंत

गंभीर गुंतागुंत विरळा असते. जखमेभोवती वाढत जाणारी लाली, पू, ताप किंवा दिवसेंदिवस वाढणारा ठणका ही जंतुसंसर्गाची लक्षणे असून त्यात कंडरेच्या आवरणापर्यंत संसर्ग पोचण्याचा धोका असल्याने वाट पाहणे योग्य नसते. भूल उतरल्यानंतरही बोटाची एक बाजू बधिर राहिल्यास चेतेस इजा झाल्याची शक्यता असते. क्वचित संपूर्ण हात सुजून, असह्य दुखून ताठ होतो. त्याच बोटात विकार परत होण्याचे प्रमाण थोडे आहे. दुसरे बोट अडकू लागणे मात्र, विशेषतः मधुमेहींमध्ये, तितकेसे दुर्मिळ नाही आणि ते पहिल्या शस्त्रक्रियेचे अपयश नव्हे.

बालकांमध्ये

लहान मुलांत बहुधा अंगठाच अडकतो व तो टोकाच्या सांध्यात वाकलेला राहतो. पूर्वी हा दोष जन्मजात मानला जाई. नवजात बालकांच्या तपासणीत तो सहसा आढळत नसल्याने तो जन्मानंतर उद्भवतो, असे आता मानले जाते. मुलांत वेदना नसते व अनेकांचा अंगठा काही वर्षांत आपोआप सुटतो, त्यामुळे थांबून पाहिले जाते. तसे न झाल्यास पूर्ण भूल देऊन कप्पी छेदतात. मुले खेळता खेळता हात आपोआप वापरू लागत असल्याने त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज सहसा पडत नाही.