टी-मॅक्समध्ये आधी काय तुटायचं?

नायट्रो इंजिन जन्माला आलं ते विमानांसाठी. अमेरिकेत रे आर्डेन यांचा ग्लो प्लग १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आला आणि मॉडेल विमानांच्या इंजिनांवरून बॅटरी आणि इग्निशन कॉइलचं ओझं उतरलं. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण, लाल तापलेली तार आणि क्रँकशाफ्टवर थेट बसवलेला पंखा, एवढ्यावर काम भागायचं. गिअर नाही, क्लच नाही, मोडायला मधे काहीच नाही.

हेच इंजिन चाकांवर आलं आणि शक्ती जमिनीपर्यंत पोचवायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. युरोप-अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इंधनावरच्या रिमोट गाड्या सपाट डांबरावर शर्यती खेळत, त्यामुळे तो फारसा छळत नसे. टेक्सासच्या ट्रॅक्सस कंपनीने १९९९ मध्ये टी-मॅक्स हा रिमोटवरचा नायट्रो ट्रक आणला, तेव्हा मात्र तो प्रश्न ऐरणीवर आला. चारही चाकांना जोर, आपोआप बदलणारे दोन गिअर आणि वर रिव्हर्स! टू-स्ट्रोक इंजिन एकाच दिशेने फिरतं, त्यामुळे मागे जायचं तर दिशा गिअरबॉक्समध्येच उलटवावी लागते. त्यासाठी वेगळा सर्वो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी मोटर होती. गाडी पुरती थांबण्याआधी कोणी घाईने रिव्हर्स टाकला, की आतले दाते कुरकुरत.

मूळ टी-मॅक्सचं इंजिन पॉइंट वन-फाइव्ह, म्हणजे साधारण अडीच सीसीचं. त्याच्या मानाने गाडी चांगलीच जड होती आणि चाकं भलीमोठी. मोठं चाक म्हणजे लांब तरफ. गाडी उडी मारून पूर्ण थ्रॉटलवर जमिनीला टेकली, की हवेत भरधाव फिरणारी चाकं क्षणात अडतात आणि तो हिसका उलट्या वाटेने शाफ्टमधून डिफरन्शियलकडे आणि तिथून गिअरबॉक्सकडे जातो. प्लॅस्टिकचे सरकते ड्राइव्हशाफ्ट अशा वेळी पिळवटून निघत.

ते प्लॅस्टिकचे का, याला किंमत हे एक उत्तर. दुसरं असं, की स्वस्त भाग मोडला तर महाग भाग वाचतो. घरातल्या फ्यूजचंच काम ते करत होते. पण छंदिष्टाला दर रविवारी फ्यूज बदलायचा नसतो.

मग कॅलिफोर्नियाच्या एमआयपी कंपनीचे पोलादी शाफ्ट आले, रॉबिन्सन रेसिंगचे पोलादी गिअर आले. आरपीएम या कंपनीने उलटी वाट धरली: त्यांचे सस्पेन्शनचे हात नायलॉनचे, मार बसला की वाकून पुन्हा सरळ होणारे. त्याच काळात बाजारात चकचकीत ॲल्युमिनियमच्या भागांचा पूर लोटला. फोटोत ते छान दिसत. पण ॲल्युमिनियमचा हात वाकला की वाकलेलाच राहतो आणि न वाकल्यास धक्का जसाच्या तसा पुढे ढकलतो. त्या चमकदार भागांपैकी बरेचसे दुरुस्तीपेक्षा हौसेचेच म्हणायचे.

खरी गंमत यानंतरची. शाफ्ट पोलादी केला, की डिफरन्शियलच्या रिंग-पिनियनचे दाते उडू लागत. तिथे शिम, म्हणजे पातळ चकत्या घालून दात्यांमधली ढिलाई काढली आणि ग्रीसऐवजी घट्ट सिलिकॉन तेल भरलं, तर इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारा स्पर गिअर सोलून निघे. स्पर पोलादी केला, तर गिअरबॉक्सच्या आतून आवाज येऊ लागे. शहाणे लोक स्पर मुद्दाम प्लॅस्टिकचाच ठेवत आणि जास्त जोर आला की घसरणारा स्लिपर क्लच जरासा सैल सोडत. मार बसताना स्लिपर घसरला तर बाकी सारं शाबूत राहतं, आणि त्याचा नट फिरवायला पैसे पडत नाहीत. पण स्लिपर आवळून टाकण्याचा मोह जबर, कारण आवळलेली गाडी चाकं उचलून उसळते.

त्यात काहींनी टी-मॅक्समध्ये पॉइंट टू-वनची, म्हणजे साडेतीन सीसीची मोठी इंजिनं बसवली. शक्ती वाढली आणि मोडतोडीची सगळी साखळी पहिल्या कडीपासून पुन्हा सुरू झाली.

कारखान्यांचं छंदिष्टांच्या या गॅरेजांमधल्या खटपटींकडे लक्ष होतं. एचपीआय कंपनीचा सॅव्हेज ट्रक दोन उभ्या पट्ट्यांच्या चॅसिसवर मोठं इंजिन घेऊनच अवतरला, आणि त्याच्याही डिफरन्शियलसाठी पुढे अधिक दणकट दात्यांचे गिअर विकायला आले. ट्रॅक्ससने २००४ मध्ये रेव्हो हा ट्रक आणला, तो टी-मॅक्सची डागडुजी करून नव्हे, तर नव्याने रचून. त्यात शॉक आडवे होते आणि पुशरॉड-रॉकरने चालत.

मग ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरी आल्या. नायट्रो इंजिन आधी आवाज चढवतं, सेंट्रिफ्यूगल क्लच हळूहळू पकडतो आणि त्यामुळे शाफ्टला सावरायला वेळ मिळतो. मोटर मात्र जागेवरूनच सगळा जोर लावते. टी-मॅक्सचा विजेवर चालणारा भाऊ ई-मॅक्स. त्यात अशा मोटरी बसवणाऱ्यांना नायट्रोवाल्यांचे पोलादी शाफ्ट आणि शिमच्या पुड्या शोधत फिरावं लागलं, आणि बहुतेकांच्या गाडीत आधी गेली ती रिंग-पिनियनच.