बुडत्याला काडीचा आधार : एक अल्बम आणि १९८७ चं ब्रिटन

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, तह आणि सरहद्दी यांच्याबद्दल बोलतो. आज मात्र एका रॉक अल्बमबद्दल बोलायचं आहे. कुणी म्हणेल, साहेब, इतिहासाच्या तासाला गाणी कुठून आली? शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

अल्बमचं नाव ‘क्लचिंग ॲट स्ट्रॉज’. आपल्याकडे याला अगदी नेमकी म्हण आहे : बुडत्याला काडीचा आधार. बँड मरिलियन, प्रकाशन २२ जून १९८७. ही तारीख लक्षात ठेवा. त्याआधी अकराच दिवस, ११ जूनला, मार्गारेट थॅचर यांनी ब्रिटनची सलग तिसरी निवडणूक जिंकली होती. वर्तमानपत्रांत समृद्धीच्या बातम्या होत्या. आणि हा अल्बम होता एका बेकार, दारूत बुडणाऱ्या माणसाबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७० च्या दशकात जेनेसिस, येस, किंग क्रिमसन, पिंक फ्लॉइड या मंडळींनी रॉक संगीत लांब, गुंतागुंतीचं, जवळजवळ नाटकासारखं केलं. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. १९७६-७७ मध्ये पंक आलं आणि तीन मिनिटांच्या रागीट गाण्यांनी ही सगळी आरास मोडीत काढली. वीस मिनिटांची गाणी म्हणजे चेष्टेचा विषय झाला. तरीही १९८० च्या सुमारास काही पोरांनी तीच वाट पुन्हा धरली : मरिलियन, आयक्यू, पेंड्रॅगन, पॅलास, ट्वेल्थ नाइट. यांच्या संगीताला पुढे निओ-प्रोग्रेसिव्ह हे नाव पडलं.

मरिलियन १९७९ मध्ये इंग्लंडच्या एल्सबरी गावात सुरू झालं. नाव टॉल्किनच्या ‘सिल्मॅरिलियन’ या पुस्तकावरून घेतलं, मग अर्धं कापून टाकलं. १९८१ मध्ये गायक म्हणून आला एक धिप्पाड स्कॉटिश माणूस. खरं नाव डेरेक विल्यम डिक, पण सगळे म्हणतात फिश. गाव डालकीथ, एडिनबरोजवळचं, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातलं.

फौजी माणसाला फिश आवडायला एक खास कारण आहे. १९८३ च्या त्यांच्या पहिल्याच अल्बममध्ये ‘फरगॉटन सन्स’ हे गाणं आहे, उत्तर आयर्लंडमध्ये पाठवलेल्या ब्रिटिश सैनिकांवरचं. त्यातला पोरगा बेकारभत्त्याच्या रांगेतून थेट पलटणीत येतो. भरती का होते आणि कुणाची होते, हे सांगणारं यापेक्षा प्रामाणिक गाणं मी तरी ऐकलेलं नाही. दुसऱ्या अल्बमचं नाव ‘फुगाझी’. हा शब्द व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांच्या बोलीतला, सगळा बोजवारा उडाला या अर्थाचा. १९८५ मध्ये तिसरा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि ‘केली’ हे गाणं दुसऱ्या. पैसा आला, नाव झालं, आणि न संपणारे दौरे मागे लागले. हॉटेल, स्टेज, बार, पुन्हा हॉटेल.

त्या थकव्यातून ‘क्लचिंग ॲट स्ट्रॉज’ जन्मला. नायकाचं नाव टॉर्च. वय २९. काम नाही, संसार मोडलेला, बाप म्हणून नापास, आणि दिवसभर बारमध्ये बसून कागदावर काहीतरी खरडणारा. अल्बम आला तेव्हा फिशही २९ वर्षांचाच होता. टॉर्च कोण, हे वेगळं सांगायला नको. ‘टॉर्च साँग’मध्ये एका डॉक्टरचा आवाज त्याला बजावतो की असंच चालू ठेवलंस तर तिशी पाहणार नाहीस. तो इशारा गायक स्वतःलाच ऐकवत होता.

संगीताचं म्हणाल तर सुरुवातीची तीन गाणी एकात एक मिसळलेली आहेत. रात्रीच्या हॉटेलची हालचाल, मग एका गावातल्या बारच्या आठवणी, मग मध्यरात्रीचं एकटेपण. मध्ये कुठे थांबायला जागाच नाही, जसं पिणाऱ्याला नसतं. मार्क केलीचा कीबोर्ड मागे धुक्यासारखा पसरतो, पीट ट्रेवावासचा बेस आणि इयन मोस्लीचे ड्रम्स शिस्तीत चालतात. स्टीव्ह रॉदरीची गिटार कधी ओरडत नाही. कमी स्वर, लांब धरलेले, आणि प्रत्येक स्वर काहीतरी सांगणारा. आपल्याकडे चांगला सारंगीवाला गायकाच्या मागून जातो आणि योग्य क्षणी पुढे येतो, तसं.

आता इतिहासाकडे येतो. ‘स्लांज वा’ हे गाणं घ्या. पेला उचलताना स्कॉटिश लोक हे दोन शब्द म्हणतात, अर्थ ‘उत्तम आरोग्य लाभो’. दारूच्या पेल्याला आरोग्याचं नाव! गाण्यात तीन जागांची नावं शेजारी शेजारी येतात : पहिल्या महायुद्धातल्या फ्लँडर्सच्या काटेरी तारा, बिलस्टन ग्लेनची कोळशाची खाण आणि क्लाइड नदीकाठचा जहाजबांधणीचा पट्टा. बिलस्टन ग्लेन फिशच्या गावाजवळच. मार्च १९८४ ते मार्च १९८५ हा खाणकामगारांचा संप झाला, त्यात या खाणीच्या दारात मोठे संघर्ष झाले. संप हरला आणि १९८९ मध्ये खाण बंद पडली. खंदकात मेलेले आजोबा आणि कामावरून काढलेले नातू एकाच रांगेत उभे करायला इतिहासकाराला एक प्रकरण लागलं असतं. फिशनं ते दोन ओळींत केलं.

‘व्हाइट रशियन’च्या मागे १९८६ चं ऑस्ट्रिया आहे. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कुर्ट वाल्डहाइम यांचा जर्मन फौजेतला भूतकाळ तेव्हा बाहेर आला, तरी ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. युरोपात ज्यूद्वेष पुन्हा डोकं वर काढत होता. त्यांच्या आधीच्या ‘फुगाझी’ या गाण्यात एक बाप मृत्यूच्या बातम्यांत शाळासोबत्यांची नावं शोधताना दिसतो. साठी ओलांडलेल्या माझ्यासारख्यांना हे चित्र परकं नाही.

पण माझ्या मते अल्बमचा आत्मा आहे ‘शुगर माइस’. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या एका हॉटेलात बसलेला बेकार माणूस, घरी केलेला फोन, आणि मग रॉदरीचा तो सोलो. हा माणूस सरकारला शिव्या देत नाही, कंपनीला देत नाही. सगळा दोष स्वतःवर घेतो. आता आकडा पाहा. १९८२ पासून पुढची पाच वर्षं ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या तीस लाखांच्या आसपास होती. तीस लाख हा आकडा अर्थशास्त्राचा. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक जण रात्री हेच म्हणत असणार की चूक माझीच. आकड्यांत न दिसणारा हा इतिहास गाण्यात सापडतो.

मराठी माणसाला यात सुधाकर आठवल्याशिवाय राहत नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला वकील, सनद गेल्यावर पेल्याकडे वळलेला. आधी कामाची इभ्रत जाते, मग माणूस बाटलीत जातो. क्रम दोन्हीकडे तोच.

आणि हा क्रम मी फौजेतही पाहिला आहे. पलटणीच्या पार्टीत सर्वांत मोठ्यानं हसणारा, सर्वांना पाजणारा अधिकारी. कसा आहेस विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘एकदम फर्स्ट क्लास’. निवृत्तीनंतर पट्टा, फीत, हुद्दा गेला की सकाळी उठून करायचं काय, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. माझा एक सोबती असाच दोन वर्षं घराबाहेर पडत नव्हता. सल्ले खूप मिळाले, फरक पडला तो रोज संध्याकाळी सहाला कुणीतरी त्याच्याबरोबर चालायला जाऊ लागल्यावर. सहा वाजता, कारण बाटली सातला उघडायची.

अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. मुखपृष्ठावर मार्क विल्किन्सनने एक बार रंगवला. तिथे टॉर्चच्या सोबतीला रॉबर्ट बर्न्स, डायलन थॉमस, ट्रुमन कपोटी बसलेत. सगळे प्रतिभावान, सगळे पिणारे. शेवटच्या गाण्याला जोडून ‘हॅपी एंडिंग’ असं शीर्षक छापलंय, पण तिथे सुखान्त नाही, फक्त एक हसणं ऐकू येतं. १९८८ मध्ये फिश बँड सोडून गेला. पुढच्या वर्षी स्टीव्ह होगार्थ आला आणि मरिलियन नव्यानं उभं राहिलं. फिशनंही १९९० मध्ये स्वतःचा अल्बम काढला. टॉर्चला डॉक्टरनं दिलेली मुदत त्याला निर्माण करणाऱ्यानं ओलांडली. माझ्या लेखी खरा सुखान्त तो.

हेडफोन लावून सलग ऐका. पन्नासेक मिनिटं लागतील. आणि ऐकून झाल्यावर तुमच्या ओळखीतल्या त्या ‘फर्स्ट क्लास’ माणसाला फोन करा. कसा आहेस विचारू नका. उद्या सहा वाजता येतोय, एवढंच सांगा.

पुढच्या भागात पुन्हा नकाशे उघडू. जय हिंद.