थेम्सची नाडीपरीक्षा

जुलै १८५५ मध्ये मायकेल फॅरडे लंडन शहरातून थेम्स नदीवरून आगबोटीने चालले होते. दुपारची वेळ होती, नदीला ओहोटी होती. पाणी मळकट तपकिरी, आणि वास तर उघड्या गटाराचा. फॅरडे यांनी काही पांढऱ्या कार्डांचे तुकडे केले, ते चटकन बुडावेत म्हणून ओले केले आणि बोट जिथे जिथे धक्क्याला लागे तिथे थोडे थोडे पाण्यात टाकले. ऊन लख्ख होते. तरीही तुकडा इंचभर खोल जाण्याआधीच दिसेनासा होई. एखादा तुकडा उभा बुडू लागला, तर त्याची वरची कड पाण्याबाहेर असतानाच खालची कड नाहीशी झालेली असे. हे सारे त्यांनी ‘टाइम्स’ वृत्तपत्राला पत्र लिहून कळवले.

विजेच्या धड्यात भेटणारे फॅरडे आपल्याला ठाऊक असतात. त्यांचा हा बिनखर्ची प्रयोग मात्र पाठ्यपुस्तकात सापडत नाही. बादलीभर गढूळ पाणी आणि पोस्टकार्डाचा तुकडा घेऊन तो कोणत्याही वर्गात करता येईल. पण नदी आजारी आहे की नाही हे ठरवायला पाण्याचा गढूळपणा पुरेसा आहे का? पहिल्या पावसातली आपली कुठलीही नदी गढूळच असते. ती आजारी असतेच असे नाही. थेम्सच्या इतिहासात हाच प्रश्न पुन:पुन्हा आला. जे मोजले गेले, तेवढेच दुरुस्त झाले.

फॅरडे यांच्या पत्रानंतर तीनच वर्षांनी, १८५८ च्या कडक उन्हाळ्यात, नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या इमारतीत शिरली. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून पाहिले, काही उपयोग झाला नाही. मग कायदा मात्र झपाट्याने झाला. त्याला २ ऑगस्ट १८५८ रोजी मंजुरी मिळाली. (कंपनी सरकारचे राज्य संपवून हिंदुस्थानचा कारभार राणीच्या हाती देणारा कायदाही त्याच दिवशी मंजूर झाला.) त्या काळी बहुतेक डॉक्टरांचा समज असा होता, की पटकीसारखे रोग दुर्गंधीमुळे होतात. जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच पटकी पाण्यातून पसरते हे दाखवले होते, पण ते फार थोड्यांना पटले होते. तेव्हा वास म्हणजे रोग, आणि वास घालवला की काम झाले!

हे काम जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याकडे आले. लंडनमध्ये थेम्सला मिळणारे फ्लीट, टायबर्न यांसारखे ओढे पूर्वीच बुजवून रस्त्यांखालची गटारे झाले होते. या गटारांचे पाणी नदीत पडण्याआधी अडवावे आणि काठाला समांतर अशा मोठ्या भुयारी गटारांतून शहराच्या पूर्वेला खूप दूर न्यावे, अशी त्यांची योजना होती. विटांची सुमारे १३० किलोमीटर लांबीची मुख्य गटारे बांधली गेली. काम इतके पक्के होते, की ती आजही वापरात आहेत. १८६६ मध्ये लंडनला पटकीची शेवटची मोठी साथ आली, ती मुख्यत: पूर्व लंडनच्या ज्या भागाची जोडणी अजून व्हायची होती तिथे. दुर्गंधीविषयीचे गृहीत चुकीचे, पण त्यावर उभारलेल्या कामाने जीव वाचवले. विज्ञानाच्या इतिहासात असेही घडते.

नदीला मात्र त्यातून फारसे काही मिळाले नाही. उत्तर काठावर बेक्टन आणि दक्षिण काठावर क्रॉसनेस येथे सगळे मैलापाणी साठवून ओहोटीच्या वेळी जसेच्या तसे सोडले जाई. ते थेट समुद्रात जाईल अशी अपेक्षा होती. पण खाडीतले पाणी सरळ जात नाही. ओहोटीला पुढे गेलेले बरेचसे पाणी भरतीला मागे येते, आणि कोरड्या दिवसांत त्याला समुद्र गाठायला कित्येक आठवडे लागतात. ३ सप्टेंबर १८७८ रोजी या मोऱ्यांच्या जवळच ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी बोट टक्कर होऊन बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. थोड्याच वेळापूर्वी तिथे मैलापाणी सोडलेले होते. त्या पाण्याबद्दल मग बराच गदारोळ झाला, सरकारी आयोग नेमला गेला आणि पुढे गाळ वेगळा करून तो जहाजांनी समुद्रात नेऊन टाकण्याची पद्धत सुरू झाली. (ती थेट १९९८ च्या अखेरपर्यंत चालू होती.)

याच सुमारास विल्यम डिब्डिन या रसायनशास्त्रज्ञाने एक वेगळा विचार मांडला. मैला औषधे टाकून मारण्यापेक्षा त्यावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांना पोसावे, तेच पाणी स्वच्छ करतील. पण त्यांना प्राणवायू लागतो, आणि पाण्यात तो फारच थोडा असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. त्याच तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम मावतो. ३० अंशांवर तर साडेसातच. एवढ्या शिदोरीत मासे, किडे, वनस्पती आणि सूक्ष्मजीव या सर्वांना भागवायचे असते.

म्हणून पाण्यातली घाण मोजण्याची नवी रीत आली: ती घाण खाताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू संपवतात ते पाहायचे. हीच बीओडी चाचणी. ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने १९१२ मध्ये त्यासाठी पाच दिवसांची मुदत ठरवली. तिथल्या नद्यांचे पाणी साधारण तेवढ्या काळात समुद्राला मिळते, असे त्याचे कारण सांगितले जाते. पुढे ही चाचणी २० अंशांवर करण्याची पद्धत जगभर पडली. भारतीय मानकात मात्र २७ अंश आणि तीन दिवस असे बसवून घेतले आहे, कारण आपल्या उबदार हवेत सूक्ष्मजीव अधिक वेगाने काम करतात. मोजपट्टी दुसऱ्याची घेतली तरी ती आपल्या नदीला लावून पाहावी लागते.

एवढे कळूनही थेम्स पुन्हा खालावली. लोकसंख्या वाढली, गटारांच्या जाळ्याला महायुद्धात बॉम्बचे तडाखे बसले, वीजकेंद्रांचे गरम पाणी आणि कृत्रिम साबणाचा फेस यांची भर पडली. १९५७ मध्ये लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या पाहणीत क्यू ते ग्रेव्हसेंड या पट्ट्यात ईल या सापासारख्या लांबट माशाखेरीज मासाच आढळला नाही.

इथे वासाचे कोडे उलगडते. पाण्यातला प्राणवायू संपला, की काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात. त्यात वास येत नाही. नायट्रेटही संपले, की दुसरे जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो. म्हणजे दुर्गंधी सुटते तेव्हा मासे कधीच गुदमरून गेलेले असतात. रोगाचे अगदी शेवटचे लक्षण १८५८ मध्ये पहिले लक्षण मानले गेले होते!

१९५० च्या दशकात नदीचा सविस्तर हिशेब मांडला गेला: कुठून किती घाण येते, हवेतून किती प्राणवायू मिसळतो, भरती पाणी किती मागे ढकलते. त्यातून सर्वांत मोठे देणेकरी ठरले ते बॅझलजेट यांच्याच दोन मोऱ्यांवरचे प्रकल्प. क्रॉसनेसचा नवा प्रकल्प १९६४ मध्ये आणि बेक्टनचा विस्तार १९७० च्या दशकात झाला. १९७४ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये दहा जलमंडळे आली. त्यांच्या हद्दी जिल्ह्यांवरून नव्हे, तर नद्यांच्या पाणलोटावरून आखल्या होत्या. उगमापासून मुखापर्यंत एकाच संस्थेची जबाबदारी, ही कल्पना आम्हाला सगळ्या यंत्रसामग्रीहून मोठी वाटते. १९८९ मध्ये मंडळांचे खाजगीकरण झाले, तो निराळा विषय आहे.

मासे परतले का, हे पाहण्याची युक्ती फॅरडे यांना नक्की आवडली असती. वीजकेंद्रे थंड करण्यासाठी नदीचे पाणी खेचत आणि त्यांच्या जाळ्यांवर मासे अडकत. हा कचरा फेकून न देता १९६४ पासून ॲल्विन व्हीलर या मत्स्यतज्ज्ञाने त्यातील जाती मोजायला घेतल्या. यादी वर्षागणिक वाढत गेली. नोव्हेंबर १९७४ मध्ये वेस्ट थरॉक केंद्राच्या जाळीवर चक्क एक सॅमन आला, सुमारे १४० वर्षांनी. आता या खाडीत शंभराहून अधिक जातींचे मासे नोंदले गेले आहेत.

पण सॅमन आला म्हणजे वसला असे नाही. १९७९ पासून त्याची पिल्ले सोडली गेली. तरी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसले, की थेम्समध्ये सापडलेले सॅमन बहुतेक दुसऱ्या नद्यांतून भटकत आलेले होते. सॅमन अंडी घालतो ती वरच्या ओढ्यांच्या स्वच्छ, वाहत्या पाण्यातल्या खडीत. खाडीत प्राणवायू भरला, म्हणून वरच्या बंधाऱ्यांनी अडवलेल्या वाटा आणि गाळाने भरलेली खडी सुधारत नाही.

शिवाय जुन्या गटारांत पावसाचे आणि मैल्याचे पाणी एकत्रच वाहते. जोराचा पाऊस पडला की ती भरून नदीत ओसंडतात. ऑगस्ट २००४ मधल्या अशाच एका पावसानंतर मोठ्या संख्येने मासे मेले. हे पाणी अडवण्यासाठी नदीखालून २५ किलोमीटर लांबीचा बोगदा खणला गेला. त्याची जोडणी फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरी झाली. बाहेरच्या उपनगरांत मात्र पावसाचे पाणी वेगळ्या नळांनी थेट लहान ओढ्यांत जाते, रस्त्यावरचे तेल आणि टायरची भुकटी बरोबर घेऊन. ते या बोगद्यात येतच नाही. तिथे दुसरेच काम चालू आहे. आग्नेय लंडनमधल्या सटक्लिफ पार्कमध्ये क्वॅगी नावाचा ओढा जमिनीखालच्या नळात कोंडलेला होता. २००४ च्या सुमारास तो उघडा करून वळणावळणाने वाहू दिला. आता जोराचा पाऊस झाला, की घरांत शिरण्याऐवजी ते पाणी उद्यानातल्या लव्हाळ्यांत पसरते आणि सावकाश ओसरते.