चिकणमातीची मधली पायरी

विलेपार्ल्यात पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की चटईक्षेत्र, भाडं आणि कॉर्पस यांवर सोसायटीच्या सभा रंगतात. माती परीक्षणाचा अहवाल क्वचितच कुणी उघडतं. प्रत्येक बोअरमध्ये वरून खाली काय लागलं, ते त्यात असतं: भरणी, चिकणमाती, मुरूम, मग पाषाण. चिकणमातीपुढे सीएल, सीआय किंवा सीएच अशी खूण असते. त्यातली मधली अमेरिकी पद्धतीत नाही, भारतीय मानकात आहे.

या खुणांचं मूळ स्वीडनमध्ये आहे. कृषिक्षेत्रातले रसायनतज्ज्ञ अल्बर्ट अटरबर्ग यांनी १९११ मध्ये किती पाण्याला चिकणमाती वाहू लागते आणि किती पाण्यापर्यंत ती वळता येते, या मर्यादा मांडल्या. पुढे मृदा-अभियंते आर्थर कासाग्रांदे यांनी चाचणीला शिस्त लावली. पितळी वाटीत मातीचा लगदा पसरायचा, मधोमध खाच पाडायची आणि हँडल फिरवून वाटी १ सेंटिमीटरवरून आपटत राहायची. २५ ठोक्यांत खाच तळाशी १२ मिलिमीटर मिटली, तर मातीतलं त्या वेळचं पाणी म्हणजे द्रवमर्यादा. दुसरी चाचणी तळहाताची. काचेवर मातीची वळी वळत जायची. ती ३ मिलिमीटर जाडीला तुटू लागली की सुघट्य मर्यादा आली. आजही प्रयोगशाळेत हेच चालतं, आणि वळणाऱ्याचा हात सरावलेला असावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात धावपट्ट्यांसाठी कासाग्रांदे यांनी मातीचे गट पाडले. त्यांतून घडलेल्या अमेरिकी पद्धतीत द्रवमर्यादा ५० टक्क्यांच्या खाली की वर, एवढेच दोन भाग होते. भारतीय मानक संस्थेने १९५९ मध्ये आयएस १४९८ काढलं आणि १९७० च्या सुधारित आवृत्तीत तीन भाग केले: ३५ च्या खाली कमी (सीएल), ३५ ते ५० मध्यम (सीआय), त्यावर जास्त दबणारी (सीएच). मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. ३० ची माती आणि ४८ ची माती एकाच खणात टाकणं धोक्याचं आहे. दख्खनची काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, बहुधा सीएचमध्ये बसते.

पार्ल्यातल्या नव्या टॉवरचा पाया पाषाणावर टेकतो, म्हणून ही खूण बिनकामाची ठरत नाही. तळघराचा खड्डा खणला की त्याच्या उभ्या कडेला हीच चिकणमाती उघडी पडते, आणि शेजारची जुनी तीन मजली इमारत उथळ पायावर त्याच मातीत उभी असू शकते.