खाल्लेले गोल कोणाच्या खात्यावर?

भोपाळच्या जुन्या शहरात रात्री दुकाने मिटली की पटियांवर माणसे जमतात. दुकानापुढच्या त्या दगडी फरशांवर राजकारण संपले की हॉकी निघते, आणि हॉकी निघाली की नावे ठरलेली: १९३६ च्या बर्लिनचे अहमद शेर खान आणि अहसन मोहम्मद खान, १९४८ च्या लंडनचे अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान, मग इनाम-उर-रहमान, अस्लम शेर खान, अलीकडचा समीर दाद. या नावांत गोलात उभा राहणारा कुणी नसतो. गोलकीपरचा विषय निघतो तो १ डिसेंबर १९८२ मुळे, आणि तो गोलकीपर भोपाळचाही नसतो. तो इंदूरचा, मीर रंजन नेगी. दिल्लीच्या एशियाडचा अंतिम सामना, पाकिस्तान सात, भारत एक. एवढे बोलून झाले की कुणीतरी मान हलवतो आणि विषय संपतो.

मला हरकत आहे ती या मान हलवण्याला. त्यामागे एक सिद्धान्त आहे, आणि तो पटियावरच नाही तर वर्तमानपत्रांत, समालोचनात आणि निवड समित्यांतही नांदतो. सिद्धान्त असा: भारतीय हॉकी ही चेंडू खेळवणाऱ्यांची कला आहे. जिंकतात ते फॉरवर्ड. गोलकीपर हा मागे राहिलेला माणूस. संघ चांगला असेल तर त्याला काम नसते, आणि काम पडले की त्याने किती गोल खाल्ले ते मोजायचे, की झाली त्याची कारकीर्द.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही, म्हणून त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आधी घेऊ. हा पुरावा म्हणजे रिचर्ड ॲलन, जन्माने नागपूरचा. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध निकाल होता २४-१. तो एक गोल झाला तेव्हा ॲलन गोलामागे प्रेक्षकांना सह्या देत होता, अशी कथा आजही चवीने सांगितली जाते. १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये मिळून ॲलनवर दोनच गोल झाले. पूर्वपक्ष म्हणेल, झाले की सिद्ध! ध्यानचंद आणि रूपसिंग पुढे असताना मागे कोणीही उभा केला असता तरी चालले असते.

त्या काळापुरते हे मान्य करू. लॉस एंजेलिसला हॉकीचे संघच मुळी तीन होते. पण ‘सुवर्णकाळ’ म्हणून आपण जो सलग काळ मिरवतो तो १९३६ ला संपत नाही, १९६४ पर्यंत येतो. त्याच्या उत्तरार्धाचे आकडे मात्र कुणी चवीने सांगत नाही. ते असे: मेलबर्न १९५६, अंतिम सामना, भारत १, पाकिस्तान ०. रोम १९६०, भारत ०, पाकिस्तान १. टोकियो १९६४, भारत १, पाकिस्तान ०. ऑलिंपिकचे सलग तीन अंतिम सामने, आणि जगाला चेंडू खेळवायला शिकवणाऱ्या आपल्या फॉरवर्डच्या नावावर त्यांतला एकही मैदानी गोल नाही. १९५६ चा गोल रणधीर सिंग जेंटल या फुलबॅकने पेनल्टी कॉर्नरवर केला. १९६४ चा मोहिंदर लाल या हाफबॅकने पेनल्टी स्ट्रोकवर केला. पृथीपाल सिंगचा फटका पाकिस्तानच्या मुनीर दारच्या पायाला लागला म्हणून तो स्ट्रोक मिळाला होता. दुसऱ्या टोकाला तीनही सामन्यांत एकच माणूस उभा होता आणि त्याने मिळून एक गोल खाल्ला. त्या एका गोलामुळे, नसीर बुंदाच्या गोलामुळे, रोमचे सुवर्ण गेले. म्हणजे दोन सुवर्ण आणि एक रौप्य यांच्यातले अंतर एका चेंडूचे होते. पुढचे कितीही थोर असोत, मागचा माणूस कोणीही चालला असता असे आता म्हणून दाखवावे.

त्या माणसाचे नाव शंकर लक्ष्मण. जन्म १९३३, इंदूरजवळच्या महूचा. नावावरून आपला वाटतो, घराणे शेखावत. पण हयात गेली मराठा लाइट इन्फन्ट्रीत, तेव्हा अर्धा तरी आपला म्हणायला कुणाची ना नसावी. कोदरिया गावात फुटबॉल खेळणारा हा पोरगा १९४७ मध्ये फौजेत बँडवाला म्हणून भरती झाला आणि तिथे हॉकीत आला.

त्या काळचे गोलकीपिंग कसले होते हे डोळ्यांपुढे आणायला हवे. गोल ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच. पायांना क्रिकेटसारखे पॅड, हातात मोजे, डोके उघडे. शिरस्त्राण नाही, मुखवटा नाही, छातीवर आजच्यासारखे फोमचे कवच नाही. मैदान गवताचे, त्यामुळे चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नाही. गोलापुढच्या अर्धवर्तुळाची, म्हणजे डीची, बाहेरची रेषा गोलापासून १४.६३ मीटरवर. तिथून ताशी शंभर किलोमीटरने मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदापेक्षा जेमतेम अधिक वेळात गोलात पोचतो. एवढ्यात पाहणे, ठरवणे आणि हलणे हे तिन्ही बसत नाही. म्हणून कसलेला गोलकीपर चेंडू सुटण्याआधीच दोन पावले पुढे येऊन कोन कमी करून ठेवतो. त्याचे निम्मे काम फटका बसण्याआधी झालेले असते आणि ते गुणफलकावर कधीच दिसत नाही. फॉरवर्डने कोन मिळेना म्हणून चेंडू बाहेर मारला की प्रेक्षक ‘हुकला’ म्हणतात; तो हुकवलेला असतो, हे गोलामागे बसणाऱ्याला कळते.

शंकर लक्ष्मण पुढे भारताचे कर्णधार झाले. १९६६ मध्ये बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने एशियाडचे पहिले हॉकी सुवर्ण मिळवले, पुन्हा पाकिस्तानविरुद्ध आणि पुन्हा १-० असे. अर्जुन पुरस्कार १९६४ चा, पद्मश्री १९६७ ची. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी त्यांना वगळले. त्यांनी हॉकी सोडली. आणि १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये सुवर्ण किंवा रौप्य मिळवलेला भारत मेक्सिकोत पहिल्यांदाच तिसरा आला. या दोन गोष्टींचा थेट कार्यकारणभाव मी लावणार नाही. संघात इतरही रोग होते, दोन कर्णधार नेमण्याइतके. पण गोलकीपर म्हणजे बदलता येणारा सुटा भाग, ही समजूत निवड करणाऱ्यांच्या डोक्यात किती मुरली होती ते यातून दिसते. २००६ मध्ये महूलाच, पायाच्या गँगरीनने, हलाखीत त्यांचे निधन झाले. भोपाळहून महू दोनशे किलोमीटरच्या आसपास. पटियावर त्यांचे नाव क्वचित निघते.

आता १९८२. ‘सात गोल खोटे का?’ असे विचारतात. खोटे नाहीत. पण ते कोणी केले? त्याच वर्षी जानेवारीत मुंबईला विश्वचषक जिंकून गेलेला हा पाकिस्तानचा संघ. हसन सरदार, कलीमुल्ला, समीउल्ला, हनीफ खान: जगात त्या वेळी तोडीस तोड दुसरी आघाडी नव्हती. १९८४ मध्ये त्यांनी ऑलिंपिक सुवर्णही नेले. पहिला गोल भारताचा झाला. मग बरोबरी झाली, पिछाडी पडली आणि भरपाईसाठी आपला बचाव वर सरकत गेला. मागे मोकळे मैदान आणि समोर कलीमुल्लासारखा वारा प्यालेला राइट आउट. एकटा फॉरवर्ड आला तर गोलकीपर पुढे येऊन कोन मारू शकतो. दोघे आले तर पुढे येणे म्हणजे दुसऱ्याला रिकामा गोल देणे आणि न येणे म्हणजे पहिल्याला मोकळा फटका देणे. यावर गोलकीपरच्या विद्येत उपाय नाही. उपाय असतो तो फुलबॅकच्या आणि हाफच्या जागेवर. पण सामन्यानंतर फोटो निघतो तो जाळीतून चेंडू काढणाऱ्याचा.

नेगींनी सामना विकला, असेही बोलले गेले. कुणी कधी सिद्ध केले नाही. नुसत्या तर्काने पाहिले तरी आरोप टिकत नाही. सामना हरायला एका गोलाचा फरक पुरतो. विकला गेलेला माणूस राष्ट्रपती आणि पंतप्रधानांसमोर सात गोल खाऊन स्वतःवर बोट कशाला रोखून घेईल? तरी कारकीर्द संपली ती त्यांचीच. बाकी दहा जणांवर गद्दारीचा शिक्का बसला नाही. (जाता जाता: त्याच एशियाडमध्ये पुण्याच्या एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली महिलांनी सुवर्ण जिंकले. सात गोल ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांना हे विचारून पाहावे.)

यावर उत्तर येते की नेगींना न्याय मिळाला, त्यांच्यावर ‘चक दे! इंडिया’ निघाला ना. माझ्या मते हा चित्रपट पूर्वपक्षाचाच पुरावा आहे. लेखक जयदीप साहनी यांनी ही नेगींची चरित्रकथा नव्हे असे सांगितले आहे. त्यांना बीज मिळाले ते २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतल्या महिला संघाच्या विजयातून. नेगी त्या संघाबरोबर होते आणि चित्रपटातल्या मुलींना हॉकी शिकवायलाही होते. पण पडद्यावरचा कबीर खान कोण आहे? पेनल्टी स्ट्रोक हुकवलेला फॉरवर्ड. लोक ज्याला गोलकीपरची गोष्ट समजतात तिच्यातसुद्धा नायक व्हायचे तर गोलातून बाहेर यावे लागले!

शेवटचा आक्षेप सर्वांत आधुनिक आहे: हे सारे जुने झाले, आता श्रीजेश होऊन गेला. खरे आहे. पी. आर. श्रीजेशला खेलरत्न मिळाले आणि त्याचा १६ क्रमांकाचा शर्ट निवृत्त झाला. पण टोकियोचा कांस्यपदकाचा सामना आठवा. ५ ऑगस्ट २०२१, भारत ५, जर्मनी ४. शेवटची सहा सेकंद उरली असताना श्रीजेशने पेनल्टी कॉर्नर अडवला आणि देश नाचला. त्याने त्या दिवशी चार गोल खाल्ले होते. पुढच्यांनी पाचऐवजी तीन केले असते, तर त्याच चार गोलांचा हिशेब कोणाच्या खात्यावर लागला असता? खाल्लेल्या गोलांवर गोलकीपर ठरत नाही, ही गोष्ट श्रीजेशने सिद्ध केली. आपण मात्र समजलो की एक अपवाद सापडला.

मग गोलकीपरची कारकीर्द मोजायची कशी? आपल्या बचावाने त्याच्यापर्यंत किती आणि कसले फटके येऊ दिले, त्यांतले किती परतवले, एका गोलाच्या आघाडीवर शेवटची दहा मिनिटे त्याने कशी काढली, यांवर. आणि त्याने पुढचा गोलकीपर घडवला का, यावरही. १९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये भारताने कोरियाविरुद्धचा अंतिम सामना टायब्रेकरवर जिंकला. स्ट्रोक अडवणारा होता आशिष बल्लाळ आणि त्या संघाच्या गोलकीपरचा प्रशिक्षक होता मीर रंजन नेगी. एशियाडमधले भारताचे ते ३२ वर्षांनंतरचे हॉकी सुवर्ण. त्याआधीचे थेट १९६६ चे, शंकर लक्ष्मण यांचे. दोन्ही सुवर्णांच्या मुळाशी गोलातला माणूस आहे, आणि दोन्ही माणसे या आपल्या माळव्यातली आहेत.

भोपाळच्या अकादमीतल्या पोरांना आज ध्यानचंद माहीत आहेत, ते योग्यच. खुशबू खानसारखी भोपाळची मुलगी गोलाचे पॅड बांधून कनिष्ठ भारतीय संघापर्यंत पोचली आहे, तिच्या मागून आणखी येतील. त्यांना त्यांचा इतिहास सांगताना नुसते ७-१ सांगू नका. १-०, ०-१, १-० हेही सांगा. आणि भोपाळच्या ऐशबाग स्टेडियमवर सामना पाहायला जाल तेव्हा एकदा गोलामागे बसून पाहा. फॉरवर्डचा फटका बाहेर गेला की त्याच्याकडे न बघता गोलकीपर कुठे उभा होता तेवढे बघा.