सत्ता मिळाली, पण खाणी कोणाच्या?

1994 साली दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या जनतेला मताचा अधिकार मिळाला. जमीन आणि खाणी मात्र मुख्यतः गोऱ्यांच्याच हातात राहिल्या. 1913 च्या जमीन कायद्याने बहुसंख्य काळ्यांसाठी जेमतेम 7 टक्के जमीन ठेवली होती. ही लूट कायद्याने झाली, तेव्हा ती दुरुस्तही कायद्यानेच करावी लागणार होती. 1996 च्या संविधानातील कलम 9 आणि 25 यांनी तो मार्ग खुला केला.

पण त्याआधीच, 1994 मध्ये, ब्रिटनशी द्विपक्षीय गुंतवणूक करार झाला होता. पुढे इतर युरोपीय देशांशीही झाले. या करारांतली मेख अशी की, परकीय गुंतवणूकदार देशातली न्यायालये ओलांडून सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू शकतो.

तसेच घडले. खाणींची 26 टक्के मालकी वर्णभेदाने वंचित केलेल्यांकडे 10 वर्षांत जावी, असे धोरण 2004 पासून लागू झाले. ग्रॅनाइट खाणींतल्या इटली आणि लक्झेंबर्गच्या गुंतवणूकदारांनी भरपाईसाठी लवाद गाठला. हा 'फोरेस्टी' खटला. 2010 मध्ये त्यांनीच माघार घेतली, लवादाने त्यांना खर्चापोटी 4 लाख युरो सरकारला द्यायला लावले. पण त्याआधी तडजोड झाली होती: 26 टक्क्यांऐवजी कामगारांना 5 टक्के भागीदारी आणि दगडावर देशातच प्रक्रिया करण्याची हमी. खटला संपला, पण धोरण वाकले.

सरकारने धडा घेतला. 2012 मध्ये बेल्जियम-लक्झेंबर्गशी असलेला करार संपवण्याची नोटीस दिली, मग स्पेन, जर्मनी, नेदरलँड्स यांच्याशीही तेच केले. 2015 च्या गुंतवणूक संरक्षण कायद्याने परकीय गुंतवणूकदारालाही देशातल्या न्यायालयांचा रस्ता दाखवला. हा कायदा 2018 मध्ये लागू झाला.

यावर ठरलेला आक्षेप येतो: गुंतवणूक पळून जाईल. ब्राझीलने 1990 च्या दशकात सही केलेल्या अशा करारांपैकी एकही मंजूर केला नाही, तरी तिथे परकीय भांडवल आलेच. दुसरा आक्षेप, या धोरणाचा लाभ मूठभर काळ्या श्रीमंतांनाच झाला. ही टीका दक्षिण आफ्रिकेतही होते आणि ती गंभीर आहे. पण तिचा निवाडा तिथल्या जनतेने करायचा, तीन लवादांनी बंद खोलीत नव्हे.

भारतानेही 2016 पासून आपले बरेच जुने करार संपवले. खाजगी क्षेत्रात आरक्षण मागणाऱ्या आपण यापुढचा प्रत्येक नवा करार वाचला पाहिजे. सामाजिक न्यायाचा कायदा परकीय भांडवलाचे नुकसान ठरणार असेल, तर संविधानातला हक्क कागदावरच राहील. म्हणून सही होण्याआधीच विचारू या: या करारात आमच्या प्रतिनिधित्वाला जागा कुठे आहे?